गर्दीत गटानं चालताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ लागला की फोन सुरू होतात. "आम्ही सहा जण येतोय, आईपण आहे, गर्दीत चुकामूक होणार नाही ना?" हा पहिला प्रश्न ठरलेला. वारीला नव्यानं येणाऱ्यांना दिंडीत तोंडी देत आलेली उत्तरं एकदा लिहून ठेवावीत म्हणून बसलो, तर लिहिता लिहिता दादरचा पूल, पुण्यातली विसर्जन मिरवणूक आणि जपानमधले प्रयोगही त्यात शिरले. शिरू दिले. पाय सगळीकडे सारखेच चालतात.

गर्दी म्हणजे एकट्यादुकट्या अनोळखी माणसांचा लोंढा ना?

वरून, गच्चीतून पाहिलं तर तसं वाटतं. पण जत्रेला एकटं कोण जातं? फ्रान्समधल्या तुलूझ शहरात मेहदी मुसाईद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचं चित्रण करून सुमारे १५०० गटांची चाल मोजली. २०१० साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारपेठेतल्या शनिवारच्या गर्दीत ७० टक्क्यांपर्यंत लोक कुणाच्या ना कुणाच्या सोबत चालत होते, एरवीच्या विरळ वर्दळीतही निम्म्याहून अधिक. आपल्याकडे लग्नसराईत तुळशीबागेत उभं राहून मोजलं तर एकटा माणूस शोधावा लागेल.

याला महत्त्व आहे, कारण गर्दीचं गणित मांडणाऱ्यांनी बरीच वर्षं माणूस सुटा धरला. जिना किती रुंद हवा, दरवाजातून मिनिटाला किती माणसं निघतील, हे हिशेब सुट्या माणसावर केले. प्रत्यक्षात जिन्यावरून जातात ते आई आणि तिचा हात धरलेलं पोर, चार मैत्रिणी, आजोबांना दंडाला धरून नेणारा नातू. ही माणसं पुढे जागा मोकळी झाली तरी पुढे जात नाहीत, मागच्यासाठी थांबतात. माझ्या मते गर्दी समजून घ्यायची तर माणसं मोजण्याआधी सोबती मोजावेत. पुढची बहुतेक उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

तिघं चालताना मधला नेहमी मागे का पडतो?

तो आळशी असतो म्हणून नव्हे. रस्ता मोकळा असेल तर गट एका ओळीत, खांद्याला खांदा लावून चालतो. गर्दी थोडी वाढली की कडेचे दोघं किंचित पुढे सरकतात, आत वळतात आणि मधला अर्धं पाऊल मागे राहतो. वरून पाहिलं तर बेचकीसारखा आकार दिसतो, टोक मागे आणि उघडी बाजू पुढे. गर्दी आणखी दाटली की बेचकीही मोडते आणि एकामागं एक अशी रांग होते.

कारण एकच, गप्पा. तिघांना एकमेकांची तोंडं दिसायला हवी असतात. सरळ ओळीत चाललं तर कडेच्या दोघांना एकमेकांकडे बघायला मान लांब करावी लागते. बेचकीत तिघंही एकमेकांना दिसतात आणि ऐकू येतात. चालायला हा आकार गैरसोयीचा, कारण समोरून येणाऱ्या गर्दीपुढे आपण उघडं सूप धरल्यासारखे चालत असतो. लोकांना वळसा घालून जावं लागतं, मागच्यांचा वेग मंदावतो. तरीही माणसं तसंच चालतात. चालण्याच्या सोयीपेक्षा गप्पांना मान देणारी जात आहे आपली.

बगळ्यांची माळ उडते तसाच हा आकार का?

उलटा. बगळ्यांचं टोक पुढे असतं, आपलं मागे. त्यांच्या रचनेत मागच्याचे कष्ट वाचतात. आपल्या रचनेत कुणाचेच वाचत नाहीत.

आम्ही आठ जण आहोत. एकत्रच राहायचंय. जमेल का?

नाही. आणि त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नका. गट चारच्या पुढे गेला की तो आपोआप दोन-दोन, तीन-तीन जणांत फुटतो, आणि हे जगात सगळीकडे दिसतं. एका वेळी किती जणांशी चालता-चालता बोलता येतं याला मर्यादा आहे, त्यापलीकडे गट टिकवायला काही वेगळं लागतं.

तेव्हा फुटणार हे धरूनच निघा. सकाळी चहा घेतानाच जोड्या लावा. कोण कुणाबरोबर, हे नावानिशी ठरवा, "सगळ्यांनी सगळ्यांकडे लक्ष ठेवा" असं नको. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं म्हणजे कुणीच ठेवत नाही, हे मी स्वतः एका मिरवणुकीत अडीच तास पुतण्याला शोधून शिकलोय. (तो रसवंतीत बसला होता. त्याच्या मते आम्ही हरवलो होतो.) प्रत्येक जोडीत रात्रीच्या मुक्कामाचं ठिकाण पाठ असलेला एक जण हवाच.

गटाबरोबर गेलं की एवढा वेळ का लागतो?

मोकळ्या रस्त्यावर निरोगी माणूस एकटा तासाला साडेचार-पाच किलोमीटर चालतो. गटात एकेक माणूस वाढला की वेग थोडाथोडा उतरतो. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग असतो, हे एक, आणि बोलताना पाय मंदावतात, हे दुसरं.

सोबत कोण आहे यावरही वेग ठरतो. जपानमध्ये ओसाकातल्या एका व्यापारी संकुलात जोड्यांची चाल मोजली गेली, तेव्हा ऑफिसातले सहकारी भरभर चालताना दिसले, मुलं सोबत असलेली कुटुंबं सावकाश, आणि प्रेमातली जोडपी सर्वांत जवळून. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात पुरुष आपल्या प्रेयसीबरोबर चालताना स्वतःचा वेग तिच्या वेगाइतका उतरवत होते, नुसत्या मैत्रिणीबरोबर असताना तेवढा उतरवत नव्हते. आपल्याकडे लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्यांवर हा प्रयोग करावा. नवरा दहा पावलं पुढे, हा आमच्या गावचा स्थिर नियम आहे.

शेजारच्याचं पाऊल आपोआप जुळतं का?

अधूनमधून जुळतं, आणि हातात हात असेल तर जास्त. ठरवून जुळवावं लागत नाही. बहुतेक वेळा त्यानं काही बिघडतही नाही, फक्त पुलावर बिघडू शकतं. लंडनचा मिलेनियम ब्रिज हा पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल आडवा हलू लागला, लोक तोल सावरायला पाय फाकवून त्याच्या लयीत टाकू लागले, त्यामुळे तो आणखी हलू लागला. दुरुस्ती होऊन तो पुन्हा उघडायला २००२ साल उजाडलं. फौजेला पुलावर कदमताल मोडायला सांगतात ते याच जातीच्या भीतीपोटी.

समोरून गर्दी येत असेल तर गटानं काय करावं?

रांगेत यावं, एवढंच. समोरासमोर दोन लोंढे आले की त्यांच्यात आपोआप पट्टे पडतात, येणाऱ्यांचा एक, जाणाऱ्यांचा एक. कुणी हवालदार लागत नाही. पुढच्याच्या पाठीमागून चालणं सोपं जातं, म्हणून त्याच्यामागे दुसरा येतो, त्याच्यामागे तिसरा. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला हे रोज घडतं. त्या पट्ट्यात तीन मैत्रिणी आडव्या ओळीत आल्या की दोन पट्टे एकदम अडतात, आणि मग मागून ते परिचित "ओ ताई, चला ना पुढे" ऐकू येतं.

पट्टे पडण्यामागे एक युक्ती आहे. समोरचा कुठं वळणार याचा अंदाज आपण घेतो आणि तोही आपला घेतो, दोघंही थोडं थोडं सरकतात. हिसाशी मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये याचा प्रयोग केला. २७-२७ जणांचे दोन जमाव समोरासमोर चालवले आणि एका जमावात पुढच्या तिघांच्या हातात फोन देऊन त्यात डोकं घालायला लावलं. तेवढ्यानं अख्ख्या गर्दीचे पट्टे पडायला उशीर झाला आणि वेग उतरला. गंमत म्हणजे फोनवाले तर अडखळलेच, पण समोरून येणाऱ्या, फोन नसलेल्या लोकांचीही चाल बिघडली, कारण अंदाज दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. २०२१ साली या कामाला इग् नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो पुरस्कार. हसू येतं खरं, पण स्टेशनच्या जिन्यावर रील बघत चालणाऱ्याला वाचून दाखवावं असं हे काम आहे.

आपल्याकडची माणसं जास्त खेटून चालतात का?

हो, आणि हे मोजलेलं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या आणि जर्मनीतल्या लोकांना एकसारख्याच गोल वाटेवर एकामागं एक चालवलं. गर्दी वाढवत नेली तसा जर्मन लोकांचा वेग भराभर उतरला, भारतीयांचा तेवढा नाही. आपण कमी अंतर ठेवून चालतो आणि जवळ कुणी आलं तरी बिचकत नाही. विरार लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

मात्र हे कौतुक म्हणून घेऊ नका. खेटण्याची सवय असणं वेगळं आणि छातीला दाब सोसणं वेगळं. दाबाचा हिशेब सगळ्या देशांत एकच आहे. खेटायची सवय असल्यामुळे धोक्याची घंटा आपल्याला उशिरा ऐकू येते, एवढाच काय तो फरक.

एवढ्या गर्दीत दिंडी तुटत कशी नाही?

हा माझ्या आवडीचा प्रश्न, तेव्हा थोडं सैल सोडतो.

वर म्हटलं की गप्पांवर टिकणारा गट चारच्या पुढे फुटतो. दिंडीत कधी शेदोनशे, कधी हजाराच्या वर माणसं असतात आणि ती आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर एकत्र चालतात. मग इथं गप्पांची जागा कशानं घेतलीय? माझं उत्तर: क्रमानं आणि ठेक्यानं.

आधी क्रम. दिंडीच्या पुढे भगव्या पताका घेतलेले वारकरी. मग रांगेनं टाळकरी, त्यांच्या मधोमध पखवाज. मागे विणेकरी. त्याच्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायाबापड्या. यातली प्रत्येक गोष्ट गर्दीत खूण म्हणून चालते. पताका लांबून दिसते. पखवाज दिसत नसला तरी ऐकू येतो. तुळस डोक्यावर असते, म्हणजे सगळ्या टोप्यांच्या आणि पदरांच्या वर. नवखा माणूस चुकला तरी त्याला माणसं शोधावी लागत नाहीत, आपली पताका आणि आपली तुळस शोधावी लागते.

दिंड्यांचाही क्रम असतो. माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक. कुणाच्या पुढे कोण हे ठरलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. हा सोहळा आजच्या शिस्तीत बसवला तो हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्यांना अंकलीच्या शितोळे सरदारांची मदत झाली, आजही अश्व अंकलीहून येतात. हैबतबाबा स्वतः दरबारी वातावरणात राहिलेले, त्यामुळे चोपदार, कर्णा, घोडे, तळ ही सगळी व्यवस्था लष्करी वळणाची. तुकोबांची पालखी त्याही आधीची, १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सुरू केलेली. म्हणजे वाहतूक पोलीस नावाची गोष्ट या देशात येण्याच्या कितीतरी आधी, हजारो माणसांना एका अरुंद वाटेनं कसं न्यायचं याचा अभ्यास आपल्याकडे पायांनी झालेला होता.

सामान डोक्यावर नसतं, हीही मोठी गोष्ट. दिंडीचा ट्रक पुढे मुक्कामी जातो, राहुट्या ठोकल्या जातात, स्वयंपाक लागतो. चालणाऱ्याच्या अंगावर एक शबनम, फार तर एक पाण्याची बाटली. हात मोकळे, टाळ वाजवायला.

क्रम मोडतो तो दिंडीबाहेरच्या गर्दीमुळे. पुण्यातून निघालं की हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तुकोबा लोणी काळभोरकडे, माउली सासवडकडे. सासवडचा टप्पा वारीतला सर्वांत लांब, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात दिवे घाट. घाट बघायला पुण्याहून हौशी लोक हजारोंनी येतात. ते फोटो काढायला थांबतात, मधेच उलटे चालतात, रस्ता आडवा ओलांडतात. नव्या माणसाची चुकामूक होते ती बहुतेक इथं. म्हणून पहिल्या वेळी येणाऱ्याला आम्ही सांगतो: घाटात टाळकऱ्यांच्या रांगेच्या शेजारी राहा, कड्याच्या बाजूला फोटोसाठी जाऊ नका. फोटो पुढेही मिळतात. सासवडला दोन मुक्काम असतात.

टाळाच्या ठेक्याचा चालण्याला खरंच उपयोग होतो का?

होत असावा, आणि याला प्रयोगाचा आधार आहे. जपानमध्ये यानागिसावा, तोमोएदा आणि निशिनारी यांनी लोकांना गोल वाटेवर ठेक्यावर चालवलं. ठेका नेहमीच्या पावलांपेक्षा सावकाश ठेवला. वाट मोकळी असताना त्यानं साहजिकच वेग उतरला. पण गर्दी दाट झाल्यावर ठेक्यावर चालणाऱ्यांचा प्रवाह ठेक्याविना चालणाऱ्यांपेक्षा चांगला राहिला. कारण दाट गर्दीत खरा वेळखाऊ प्रकार म्हणजे थांबा-चला, थांबा-चला. एक जण थांबला की ती थांबण्याची लाट मागे मागे सरकत जाते. सगळे एका लयीत पाऊल टाकत असले की ती लाट उठतच नाही.

आता तो प्रयोग आणि टाळमृदंग यांत फरक आहे. दिंडीत भजनाची लय दिवसभरात बदलते, मधे पावल्या असतात, फुगड्या असतात, विसावे असतात. पण ज्यानं टाळकऱ्यांच्या चौथ्या रांगेत दुपारचे दोन तास काढलेत, त्याला त्या अभ्यासाचा निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटत नाही. तिथं पुढच्याच्या टाचेवर पाय पडत नाही. रांगेबाहेर पडून जरा घाईनं पुढे जायला बघा, पहिल्या मिनिटात चार जणांच्या टाचा तुडवाल.

रिंगणात लाखभर माणसं मधली जागा मोकळी कशी ठेवतात?

पुढच्या ओळीत दिंड्या असतात म्हणून. उभ्या रिंगणात दिंड्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधून अश्व धावतात, लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ होतं तसं. गोल रिंगणात पालखी मधे, भोवती दिंड्यांची कडी. कडं धरणारे टाळकरी आणि पताकावाले अनुभवी, वर्षानुवर्षं तिथंच उभे राहणारे. मागच्या हजारोंना ते थोपवत नाहीत, फक्त जागचे हलत नाहीत. आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या, विणेकरी, पखवाजी, आणि शेवटी अश्व. पुढे स्वाराचा, मागे माउलींचा, ज्याच्यावर कुणी बसत नाही.

खरी गर्दी बघायची असेल तर घोडा गेल्यानंतरची बघा. टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे एकदम आत येतात आणि इतका वेळ धरलेलं कडं क्षणात विरघळतं. मुलं सोबत असतील तर त्या क्षणी बाहेरच्या बाजूला राहा, माती नंतरही मिळते.

गर्दी धोक्याची झाली हे कसं ओळखायचं?

एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण एका छोट्या चटईएवढ्या जागेत, दोन-तीन माणसं असतील तर चालता येतं. चार झाली की पाय घासत सरकावं लागतं. सहा-सातच्या पुढे गर्दी माणसांसारखी वागतच नाही, पाण्यासारखी वागते. आपण कुठं जायचं हे आपल्या हातात राहत नाही.

मोजत कोण बसणार, म्हणून खुणा लक्षात ठेवा. दोन्ही खांद्यांना सतत दुसऱ्याचे खांदे लागतायत. हात वर करून चेहऱ्यापर्यंत नेणं कठीण जातंय. कुणी ढकललं नसताना आपण एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे हलतोय. ही शेवटची खूण सर्वांत वाईट. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरातल्या उत्सवाच्या गर्दीचं चित्रण तपासून संशोधकांनी २०२५ साली दाखवलं की दाट गर्दी आपोआप हेलकावे घेऊ लागते, तिथं एकेक हेलकावा सुमारे १८ सेकंदांचा होता. कुणी मुद्दाम लोटत नसतं.

मरण येतं ते बहुतेक वेळा उभ्या उभ्या, छाती दाबली जाऊन श्वास न घेता आल्यानं. सोलमधल्या इतेवॉन भागात २०२२ च्या ऑक्टोबरात १५९ जण गेले ते एका उताराच्या बोळात. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसानं लोक आडोशाला थांबले, मागून गाड्यांमधून उतरलेले येतच राहिले, २३ जीव गेले. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी, काळुबाईच्या यात्रेत, अरुंद पायऱ्यांच्या वाटेवर जवळपास तीनशे. या सगळ्यांत एक धागा आहे: पुढे वाट अडली आणि मागच्यांना ते कळलं नाही. गर्दीला डोळे पुढच्या टोकाला असतात आणि जोर मागच्या टोकाला.

अडकलातच तर हात छातीपुढे, मुठी हनुवटीखाली, कोपरं थोडी बाहेर, म्हणजे फुप्फुसांना तेवढी जागा राहते. लोटाच्या विरुद्ध उभं राहू नका, लोट ओसरला की तिरकं सरकत कडेला या. भिंत, कठडा, बंद दरवाजा यांच्यापासून लांब. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, चप्पल गेली तर गेली.

घाबरलेली माणसं एकमेकांना तुडवतात, असं वर्तमानपत्रात येतं ना?

येतं, आणि ते वाचून मला दर वेळी राग येतो. "भाविकांची झुंबड", "बेशिस्त जमाव". दोष मेलेल्यांवर टाकायला सोपा असतो, अरुंद जिना बांधणाऱ्यावर अवघड.

संकटात माणूस एकट्याचा जीव घेऊन पळतो ही समजूत अभ्यासात फारशी टिकलेली नाही. १९७३ साली आइल ऑफ मॅनवरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागली. जोनाथन साइम यांनी वाचलेल्यांचे जबाब अभ्यासले, तेव्हा दिसलं की कुटुंबं एकत्र बाहेर पडायचा प्रयत्न करत होती, आणि ज्यांची मुलं इमारतीत दुसरीकडे होती ते आई-बाप आधी मुलांकडे गेले. २००५ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले, तिथंही अनोळखी लोकांनी एकमेकांना मदत केल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं. म्हणजे पुन्हा सोबतीच. दाराकडे जाणाऱ्या लोंढ्यात उलटी येणारी बाई वेडी झालेली नसते, तिचं पोर मागे राहिलेलं असतं. बाहेर पडायच्या वाटा आखणाऱ्यानं तिला गृहीत धरायला हवं.

आई-वडील, मुलं सोबत असतील तर कसं चालावं?

वेग आईचा. यात चर्चा नाही.

ज्याला सांभाळायचं त्याला पुढे ठेवा आणि आपण अर्धं पाऊल मागे, बाजूला राहा. आपल्याकडे उलट होतं, कर्ता माणूस पुढे वाट काढतो आणि म्हातारी मागून ओढत येते. मागे ओढला जाणारा माणूस गर्दीत सुटतो आणि सुटल्याचं पुढच्याला उशिरा कळतं. पुढे ठेवलेला माणूस डोळ्यांसमोर असतो.

मुलाचा हात मनगटाशी धरा, बोटं निसटतात. खूप दाटी झाली तर लहान मुलाला उचलून छातीशी घ्या. खांद्यावर बसवणं मिरवणूक बघायला ठीक, पण दाट लोटात तोल गेला तर दोघंही जातात. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. गळ्यात नावाची पाटी लटकवू नका, नाव वाचून हाक मारणारा प्रत्येक जण भला नसतो.

दोरी धरून चालावं का?

दोरी दोन तऱ्हांची. पुण्यात ढोल-ताशा पथकांभोवती किंवा गणपतीपुढे कार्यकर्ते दोरीचं कडं धरतात. ते ढोल वाजवणाऱ्यांना जागा मिळावी म्हणून, आणि ते नीट चालतं, कारण धरणारे सरावाचे असतात, दोरी कधी ताणायची आणि कधी सैल सोडायची हे त्यांना कळतं. घरच्या आठ जणांनी मात्र कमरेला ओढण्या बांधून एकमेकांना जोडून घेऊ नये. एक पडला की सात पडतात, आणि इतर लोक त्या दोरीत अडकतात ते वेगळंच.

चुकामूक झालीच तर?

शोधत फिरू नका. दोघंही एकमेकांना शोधत फिरले की भेट योगायोगावर राहते. जो मागे राहिला त्यानं ठरलेल्या जागी जायचं, जो पुढे गेला त्यानंही. ती जागा सकाळीच ठरवलेली असावी, आणि "मंदिरापाशी" अशी नको. पंढरपुरात मंदिरापाशी म्हणजे अख्खं गाव. मोठ्या गर्दीत नेटवर्क दगा देतं, हे गृहीत धरा.

वारीत एक जुनी सोयही आहे. संध्याकाळी तळावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या जमतात, समाजआरती होते. टाळांचा प्रचंड गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, चोपदार त्यांच्याकडे जाऊन ऐकून घेतो. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं: पैशाचं पाकीट, चष्मा, एक म्हातारे आजोबा. लाउडस्पीकर नव्हते तेव्हाही ही रीत होतीच. पहिल्यांदा ती शांतता ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी चुकामुकीची भीती बोलून दाखवत नाही, असा माझा अनुभव.

पुढे वाट अडवून गप्पा मारत चालणाऱ्यांना कसं ओलांडायचं?

वर बेचकी सांगितली ना, तिच्या मधून घुसू नका. मधून गेलात की गट दचकतो, कडेचे दोघं एकमेकांकडे सरकतात आणि तुम्ही मधे अडकता. कडेनं जा, आणि जाण्याआधी आवाज द्या. मुंबईत "साइड प्लीज", पुण्यात काय म्हणतात ते पुणेकरांना विचारा. वारीत एकच शब्द पुरतो. सत्तरीच्या आजी असोत नाहीतर कॉलेजातला पोरगा, मागून "माउली" म्हटलं की माणूस वळून न बघता एक पाऊल बाजूला होतो, आणि पुढे गेलात की तोही मागून म्हणतो, "सावकाश, माउली."